वाफसा : पाणी घातलं, पण पोचलं का?

ऊन तापायला लागल्याचा पहिला निरोप मला तुमच्या पत्रांकडून मिळतो. कालपर्यंत 'रोपं छान आलीत' असं लिहिणारे अचानक 'माना टाकल्या', 'फुलं गळाली', 'पानं वळली' असं लिहायला लागतात. माझ्या बागेतही वेगळं काही नाही. वहीतली या आठवड्याच्या सुरुवातीची नोंद अशी : टोमॅटो, रोपं लावून ४६ दिवस, पहिल्या घोसात सहा फळं, मोठ्यात मोठं लिंबाएवढं. काकडी मांडवाच्या तिसऱ्या दोरीवर. भेंडीला पहिलं फूल. झेंडूचे शेंडे दुसऱ्यांदा खुडले. मिरचीची तीन रोपं ठीक, एक रुसलेलं, कारण कळलेलं नाही.

आता तुमचे प्रश्न.

प्रश्न : ताई, गच्चीवर मोठ्या कुंडीत वांग्याचं रोप आहे. रोज न चुकता झारीभर पाणी घालते, खालच्या ताटलीत ते उतरलेलंही दिसतं. तरी सकाळी नऊलाच पानं मलूल. आणखी किती पाणी घालू?

आणखी घालू नका, आधी कुंडी उचलून बघा. तुमचं पत्र वाचून मला माझंच एक वांगं आठवलं. तीन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. रोज पाणी, रोज भरलेली ताटली आणि रोज मलूल पानं. माझा तर्क असा की पाणी जास्त होतंय, मुळं कुजली असणार. म्हणून शहाणपणा करून दोन दिवस पाणी बंद केलं. तिसऱ्या दिवशी रोप जवळजवळ गेलंच. शेवटी गोणपाट अंथरून कुंडी आडवी केली आणि ठोकून अख्खा गड्डा बाहेर काढला. बाहेरून बोटभर जाडीची माती काळी, ओली, मुळांच्या जाळीने विणलेली. खुरप्याने मधोमध फोडला तर आत पांढुरकी, पिठासारखी भुकटी. फुंकर मारली असती तर उडाली असती.

झालं होतं असं. कुंडीतलं हलकं मिश्रण एकदा पुरतं वाळलं की आकसतं आणि कुंडीच्या कडेपासून सुटतं. कागद घालता येईल एवढी फट पडते. शिवाय खडखडीत वाळलेलं खत सुरुवातीला पाणी शोषतच नाही, झटकून टाकतं. मग झारीतलं पाणी सोपी वाट धरतं : कडेच्या फटीतून सरळ खाली, भोकातून ताटलीत. आपण खूश, रोप तहानलेलं.

उपाय एकदाच करायचा, पण सावकाश करायचा. टबात पाणी घ्या आणि कुंडी काठापर्यंत त्यात बुडवून ठेवा. आधी बुडबुड्यांचा खळखळाट होईल, मग एकेक बुडबुडा, मग काहीच नाही. याला अर्धा तास लागतो, कधी तासही. बुडबुडे थांबले की कुंडी काढून निथळू द्या आणि तेव्हाच दोन्ही हातांनी उचलून वजन लक्षात ठेवा. भरलेली कुंडी किती जड असते हे हाताला एकदा कळलं की कुठलंही यंत्र नको. त्यानंतर कडेची फट मातीने बुजवा, वर दोन-तीन इंच वाळक्या पानांचं आच्छादन द्या (खोडाला भिडू देऊ नका) आणि यापुढे पाणी दोन हप्त्यांत घाला. आधी थोडं, नुसतं माती जागी करण्यापुरतं. दहा मिनिटांनी पोटभर.

एक फरक मात्र ओळखायला शिका. भर दुपारी वांगं, भोपळा, काकडी अशी मोठ्या पानांची झाडं मलूल होतातच. पानांतून पाणी उडण्याचा वेग मुळांना गाठता येत नाही, एवढंच त्याचं कारण. संध्याकाळी ती आपोआप सावरली तर त्यांना काही झालेलं नाही. सकाळी उठतानाच मलूल असतील तर खरी तहान आहे. आणि कुंडी जड आहे, बोट दोन पेरं खुपसलं तर चिखल लागतोय, वास कुबट येतोय, अशा वेळी मात्र मुळंच कुजलेली आहेत. त्या रोपाला पाणी घालणं म्हणजे बुडणाऱ्याला घोट पाजणं.

या सदराचं नाव 'वाफसा' का, असं दर चार महिन्यांनी कुणीतरी विचारतं. ते याच्यासाठीच. मूठभर माती दाबली की लाडवासारखी वळावी, बोटाने टोचली की फुटावी आणि हात मात्र ओला होऊ नये. तो वाफसा. पाणी आणि हवा, दोन्ही मुळांना मिळतात ती अवस्था. उन्हाळ्यात सगळी खटपट तेवढ्यासाठीच असते.

जाता जाता : कुंडी काळी असेल आणि तिच्या अंगावर पश्चिमेचं ऊन येत असेल तर बाहेरून फिकट कापड किंवा पोतं गुंडाळा, आणि खाली दोन विटा द्या. तापलेल्या फरशीवर आपण अनवाणी उभे राहत नाही, मुळांनी तरी का राहावं?

प्रश्न : टोमॅटोला फुलं भरपूर, पण देठापाशी पिवळी होऊन गळतात. दोनदा खत दिलं, उपयोग नाही. तिसऱ्यांदा देऊ का?

नको, खताचा डबा लपवून ठेवा. दिवसा पारा ३५ अंशांच्या आसपास किंवा वर गेला आणि रात्रही उकडती राहिली की टोमॅटोचे परागकण निकामी होतात. फळ धरत नाही आणि झाड फूल सोडून देतं. यात तुमची चूक नाही, झाडाचीही नाही. दुपारपुरती अर्धी सावली देणारी जाळी बांधा, पाणी नियमित ठेवा आणि थांबा. रात्री जरा निवल्या की पुढची फुलं धरतील.

नत्राचं खत दोनदा पडलंय म्हणजे पाला गर्द हिरवा, खोड जाडजूड, शेंड्याची पानं आत वळलेली असं काहीसं दिसत असेल. एके वर्षी माझे टोमॅटो माझ्या डोक्याच्या वर गेले होते. येणारे-जाणारे थांबून बघायचे. फळं किती आली? एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

ऊन फार नसूनही फळ धरत नसेल तर आणखी एक शक्यता असते. टोमॅटोच्या फुलात मध्ये जो पिवळा सुळका असतो तो एकमेकांना चिकटलेल्या परागकोशांचा. पराग आतल्या बाजूला सुटतात आणि फूल थरथरलं की खाली झडतात. काळा भुंगा फुलाला लटकून अंगाची अशी काही थरथर करतो की मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसे पराग पडतात. मधमाशीला ही कला येत नाही. वाऱ्यानेही काम होतं, पण चहूबाजूंनी बंद गॅलरीत वारा कुठला आणि भुंगा तरी कुठला. सकाळी दहाच्या सुमाराला फुलाच्या देठाला बोटाने टिचक्या मारा. बॅटरीवर चालणारा जुना टूथब्रश देठाला टेकवला तर फारच छान. वांग्यालाही हेच लागू. मी येता-जाता टोमॅटोच्या दोऱ्या सतारीसारख्या छेडत जाते, घरातले हसतात.

प्रश्न : टोमॅटोच्या बुडाला काळा, चपटा, चामड्यासारखा डाग पडतो. अंड्याची टरफलं घातली, फरक नाही. रोग आहे का?

रोग नाही, त्यामुळे फवारणी नको. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचलं नाही की तिथली पेशी मरते. कॅल्शियम बहुतेक वेळा मातीत असतंच, पण ते पाण्याबरोबरच वर चढतं. आज कोरडं, उद्या डुंबवलेलं असं पाणी झालं की पुरवठा तुटतो. टरफलं मातीत विरघळायला महिने घेतात, या फळांच्या ती कामाची नाहीत. डागाळलेली फळं काढून टाका, आच्छादन द्या आणि पाण्याची वेळ व माप सांभाळा. पुढचे घोस बहुधा स्वच्छ येतील.

प्रश्न : भोपळ्याला आणि दोडक्याला महिनाभर नुसती फुलं येताहेत, फळ एकही नाही. वेल वांझ आहे का?

वेलीला वांझ म्हणायची फार घाई असते आपल्याला. या वर्गातल्या वेलींना आधी नर फुलं येतात, मादी फुलं मागाहून. फुलाखाली बघा : नुसता बारीक देठ असेल तर नर. देठावर इवलासा भोपळा किंवा इवलासा दोडका असेल आणि त्याच्या टोकाला फूल असेल, तर मादी. मादी येऊनही ते इवलं फळ पिवळं पडून गळत असेल तर पराग पोचलेले नाहीत. मग हाताने करा. ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यभागी अलगद फिरवायचा.

वेळ मात्र प्रत्येकीची वेगळी, आणि इथेच बरेच जण फसतात. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं, ऊन चढेपर्यंत मिटायला लागतं. काकडी आणि कारलंही सकाळचीच. दोडका संध्याकाळी उमलतो, दुधी तर दिवस मावळताना. दोडक्याच्या वेलीशी सकाळी नऊला काडी घेऊन उभं राहणाऱ्याला तिथे कोमेजलेली फुलंच भेटणार. मीही दोन वर्षं तशी उभी राहिले आहे.

प्रश्न : गुलाबावर आणि झिनियावर हिरवा मावा झालाय. शिवाय काळपट, नारिंगी ठिपक्यांचे, मगरीसारखे दिसणारे किडे फिरताहेत. रोज वेचून मारतो. तरी मावा वाढतोच आहे.

काका, वाढणारच! तुम्ही रोज पोलीस मारताय आणि चोर मोकळे आहेत. ती मगरीची पिल्लं म्हणजे ढालकिड्याची अळी. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला तो गोल, देखणा किडा सगळ्यांना ओळखू येतो, त्याचं बाळपण कुणालाच ओळखता येत नाही. ही अळी दिवसभरात कितीतरी मावा फस्त करते.

आता असं करा. ज्या फांदीवर त्या अळ्या आहेत तिला हात लावू नका. बाकीच्या फांद्यांवरचा मावा पाण्याच्या जोरदार धारेने खालून वर उडवा, तीन दिवस रोज सकाळी. पान उलटं धरून धुतलंत तरच उपयोग. मुंग्या खोडावरून वर-खाली करताना दिसत असतील तर त्यांची वाट तोडा. मावा जो गोड चिकटा सोडतो त्यासाठी त्या त्याची राखण करतात, ढालकिड्याला हाकलतात. एवढं करूनही भागलं नाही तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि ते मिसळण्यापुरते साबणाचे चार थेंब, सूर्य कलल्यावर. भर दुपारी कधीही नाही. तेल लागलेलं पान उन्हात कसं भाजतं ते मी माझ्या एका जास्वंदीवर बघितलंय, पुन्हा बघायची इच्छा नाही.

प्रश्न : कोथिंबीर वीतभर व्हायच्या आतच फुलावर आली. काय चुकलं?

काही नाही. उष्णता वाढली की कोथिंबीर घाईने फुलते, तिला थांबवता येत नाही. सावलीत थोडं-थोडं, दर पंधरा दिवसांनी नवं पेरत राहा. फुललेली उपटू नका, तिच्या छत्र्यांवर जे बारीक माश्यांसारखे पाहुणे येतात त्यांतल्या काहींच्या अळ्या मावा खातात. वरच्या काकांना विचारा.

प्रश्न : झेंडू उंच, किरकोळ झालाय आणि पानांवर पांढुरके बारीक ठिपके पडून पाला फिकट दिसतोय. शिवाय झेंडू लावला की टोमॅटोच्या मुळांची गाठ जाते म्हणतात, ते खरं का?

उंच-किरकोळ म्हणजे ऊन कमी किंवा शेंडा न खुडलेला. रोप वीतभर असताना, चार-पाच पानांच्या जोड्या झाल्या की शेंडा खुडायचा असतो. तेव्हा जिवावर येतं, पण बाजूने फांद्या फुटतात आणि प्रत्येकीला फूल. आताही उशीर झालेला नाही. सुकलेली फुलं बी धरायच्या आत काढत राहा. बी धरलं की झाडाला वाटतं, आपलं काम झालं.

पांढरे ठिपके बहुधा लाल कोळीचे. पान पांढऱ्या कागदावर झटका, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालायला लागले तर तेच. कोरडी उष्ण हवा त्यांना मानवते, पानांच्या खालून पाण्याचा फवारा मानवत नाही.

गाठीबद्दल : झेंडूच्या मुळांतून जी द्रव्यं सुटतात ती मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना मारक असतात हे खरं आहे. पण ते जमिनीत झेंडूचंच दाट पीक काही महिने घेतलं तर. टोमॅटोच्या शेजारी शोभेला दोन झेंडू लावून सूत्रकृमी पळत नाहीत. शोभेसाठी लावा की, त्यात वाईट काय आहे.

प्रश्न : मी पाचवीत आहे. माझं सूर्यफूल आधी सूर्याकडे वळायचं, आता फूल उमलल्यावर पूर्वेलाच बघत बसतं. ते आजारी आहे का?

आजारी नाही, मोठं झालंय! आणि तुझं निरीक्षण अगदी बरोबर आहे. सूर्यफूल वाढीला असतं तेव्हा दिवसा त्याच्या खोडाची पूर्वेची बाजू जास्त वाढते, म्हणून डोकं पश्चिमेला कलतं. रात्री पश्चिमेची बाजू वाढते आणि डोकं परत पूर्वेला येतं. पहाटे उठून बघितलंस तर सूर्य उगवायच्या आधीच ते त्याची वाट बघत असलेलं दिसेल. वाढ थांबली की हे वळणंही थांबतं आणि ते पूर्वेला तोंड करून राहतं. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी काही कुंड्या मुद्दाम फिरवून फुलं पश्चिमेकडे केली. पूर्वेकडची फुलं सकाळी लवकर तापतात आणि त्यांच्यावर मधमाश्या कितीतरी जास्त येतात, असं त्यांना दिसलं. तुझ्याकडे दोन फुलं असतील तर तूही मोजून बघ आणि मला आकडे कळव. इथे छापू.

प्रश्न : आठवडाभर घराबाहेर जातोय. वीस कुंड्या आहेत, शेजारी कुणी नाही.

सगळ्या कुंड्या सावलीत, एकमेकींना खेटून ठेवा. जाण्याच्या आदल्या दिवशी टबातलं ते बुडबुड्यांचं स्नान. उमललेली फुलं आणि तयार भाजी काढून घ्या. एकही जून भेंडी झाडावर ठेवली तर झाड सगळी ताकद तिच्यातल्या बियांना देतं. मोठ्या कुंड्यांसाठी पाण्याची बादली विटांवर उंच ठेवा आणि जाड सुती दोरीचं एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं मातीत चार बोटं खोल पुरा. दोरी आधी ओली करून मगच लावा, कोरडी दोरी कामाला लागत नाही. आणि हे सगळं जायच्या तीन दिवस आधी करून बघा. सुती समजून घेतलेली दोरी नायलॉनची निघाल्याचं गावाहून परतल्यावर कळणं वाईट.

प्रश्न : मिरचीची पानं वळली आहेत. सगळे म्हणतात विषाणू आहे, उपटून टाक. उपटू का?

पान कुठल्या बाजूला वळलंय ते आधी बघा, हे पत्रात कुणीच लिहीत नाही. कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळून पान उपड्या होडीसारखं, लांबट आणि ठिसूळ झालं असेल तर कोळी. शिरा फुगलेल्या, पानं पिवळी-हिरवी, चुरगळलेली, रोप खुजं आणि झाडावर पांढरी माशी असेल तर मात्र विषाणूची शंका रास्त आहे. ते रोप काढावं, कारण विषाणूवर औषध नाही आणि माशी त्याला शेजारच्या रोपावर नेते. पहिल्या दोन्हींत उपटायची गरज नसते. बिघडलेला शेंडा दोन इंच खुडून पिशवीत बांधून टाका, पानांच्या खालून पाणी मारा, आठवड्याने निंबोळी तेल. नवा शेंडा कसा येतो त्यावरून पुढचं ठरवा.

तुमच्या पत्रामुळे सुरुवातीला सांगितलेली माझी रुसलेली मिरची पुन्हा नीट बघितली. भिंग घेऊन शेंड्याचं पान उलटलं. कडा खाली वळलेल्या, खालची बाजू तपकिरी, तकतकीत. म्हणजे कोळी, आणि मी आठवडाभर तिला खत देत होते. परवा शेंडा खुडला. आज खालच्या पेरातून ज्वारीच्या दाण्याएवढा कोंब दिसतोय, पण पान अजून उघडलेलं नाही.